कमरेपासून खुब्यापर्यंत, मिरजमार्गे

तुमच्यापैकी बरेच जण सातारा-सांगलीला जाऊन आले असतील. पण डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही, अशी सक्त ताकीद घेऊन गेलेले थोडे असतील. आणि ती ताकीद पहिल्याच दिवशी मोडणारा बहुधा मी एकटाच. तेव्हा हे मीच लिहायला हवं.

आधी रोग सांगतो, कारण या प्रवासाचं तिकीट त्यानंच काढलं. माझ्या डाव्या खुब्यातला गोळा, म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक, आतून मरत चालला होता. तीन वर्षांपूर्वी एका आजारपणात ज्या औषधानं मला वाचवलं, त्याच औषधानं जाता जाता त्या गोळ्याचं रक्त तोडलं. याला म्हणतात एव्हीएन. जळगावच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून सांगितलं, "हाड आतून मेलंय, पण गोळा बाहेरून अजून गोल आहे. गोल आहे तोवर एक उपाय करून बघता येतो. एकदा चपटला की कृत्रिम सांध्याशिवाय इलाज नाही."

उपाय ऐकून मी खुर्चीतून उठलोच (डाव्या पायावर, लगेच बसलो). कमरेच्या हाडातला माझाच मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी, ज्यांना सगळे स्टेम सेल म्हणतात, त्या वेगळ्या करायच्या आणि मेलेल्या गोळ्यात नेऊन सोडायच्या. तिथं त्यांनी नवं हाड धरायचं. बाहेरचं काही नाही, परकं काही नाही. मिरजेत एक डॉक्टरबाई हे काम करतात आणि माझी सासुरवाडी साताऱ्याकडची. म्हणजे रोगानं निदान दिशा तरी बरी निवडली होती.

माझं वय त्रेचाळीस, धंदा ड्रायव्हिंग स्कूलचा. गेले चार महिने क्लास बायको चालवत होती. माझ्यापेक्षा बरा चालवत होती, असं शिकणारे माझ्या तोंडावर सांगत. मला माझा पाय परत हवा होता, आणि तो माझाच हवा होता.

सातारा

साताऱ्याच्या स्टँडवर मेव्हणा गाडी घेऊन आला होता. जोतीराम. सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेला ड्रायव्हर. लेहच्या घाटांत बर्फातून ट्रक काढलेला माणूस. अजिंक्यताऱ्यावर सकाळचं ऊन आलं होतं, हवेत गारवा होता आणि माझ्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा होता. सासुरवाडीला न्यायला म्हणून घेतलेला. कोरेगाव यायच्या आत त्यातले निम्मे मी संपवले.

आता एक अडचण. आमच्या शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. वीस वर्षं त्या सीटवर बसून माझे पाय त्या सवयीचे झालेत. समोर बैलगाडी दिसली की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो आणि गिअर बदलताना डावा क्लच. जोतीरामच्या गाडीत माझ्या बाजूला नुसतं रबराचं पायपुसणं होतं. तरी प्रत्येक गिअरला माझा डावा पाय पायपुसणं दाबत होता आणि प्रत्येक वेळी खुब्यातून कळ मस्तकात जात होती.

"क्लच!" मी एका वळणावर ओरडलो.

जोतीरामनं गाडी बाजूला घेतली. "दाजी, म्या खार्दुंगला उतरलोय. तितं कुणी मला क्लच म्हनून वरडलं न्हाई."

"माझ्या तोंडून निघतं रे."

"तोंडाचं चालंल. पर पाय बी चालतोय तुमचा. मागं चला."

मग मला मागच्या सीटवर आडवं, उसाच्या मोळीसारखं रचण्यात आलं. तिथून मला रस्ता दिसत नव्हता, फक्त आभाळ आणि बाभळीचे शेंडे दिसत होते. उरलेला प्रवास फार सुखाचा झाला, हे कबूल करायला मला अजून लाज वाटते.

सासुरवाडी औंधजवळच्या एका गावात. गाव जवळ आलं तशी माझ्यातला जावई जागा झाला. आमच्या खानदेशात जावयाला मान असतो. भरताचं वांगं त्याच्या नावानं भाजतात. पण इकडं तर जावई उंबऱ्यात आला की तुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात आणि अर्धी आळी तो कसा चालतो हे बघायला दारात उभी राहते. अशा माणसानं कुबड्या घेऊन उतरायचं?

"जोतीराम, कुबड्या डिकीत टाक."

"डॉक्टरनी काय सांगितलंय?"

"पंधरा पावलं आहेत दारापर्यंत."

"अट्ठावीस हायत," जोतीराम म्हणाला. फौजी माणूस, अंतर चुकत नाही.

ती अठ्ठावीस पावलं मी ताठ मानेनं, हसत, घामानं निथळत चाललो. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, माझ्याकडं वर-खाली बघितलं आणि म्हणाल्या, "जावायबापू, तुमी लय गोरं झालासा की." गोरा नव्हतो झालो, रक्त उतरलं होतं. जेवायला मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी आणि खर्डा. तिखटाबद्दल आम्ही जळगावकर उगाच फुशारकी मारतो. तो खर्डा खाल्ल्यावर पाच मिनिटं मला खुबा आहे हेच आठवत नव्हतं.

औंध

सासूबाईंनी डोंगरावरच्या यमाईदेवीला बोलून ठेवलं होतं. जावयाला आपल्या पायावर चालू दे, ओटी भरते. त्या एकट्याच डोंगरावर जाणार होत्या. मी गाडीत बसायचं, हे घरीच ठरलं होतं. कुबड्यांचं गुपित एव्हाना उघड झालं होतं. डिकीत त्यांना नारळांची पिशवी ठेवायची होती, आणि तिथं कुबड्या आडव्या. "आसं व्हय," एवढंच त्या म्हणाल्या. ते ऐकून मला खर्ड्यापेक्षा जास्त झोंबलं.

गाडी डोंगरावर जिथपर्यंत जाते तिथं थांबली. पुढं पायऱ्या. सत्तरीच्या सासूबाई पदर खोचून चढूसुद्धा लागल्या. खाली औंध, राजवाड्याची कौलं, दूरवर हिरवे-तांबडे पट्टे. काही शेतांना कालव्याचं पाणी पोचलेलं, काहींना नाही; वरून बघितलं की कुठं पोचलं ते रंगावरूनच कळतं. मी गाडीचं दार उघडून पाय बाहेर काढून बसलो होतो.

तिथं एक बाई नारळ-फुलं विकत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, सासूबाईंच्या पाठमोऱ्या लुगड्याकडं बघितलं.

"आवं, म्हातारी चढली वर, आन् तुमी गाडीत?"

"पाय दुखतो."

"तिचं काय दुखत नसंल," बाई म्हणाली आणि फुलांवर पाणी शिंपडायला लागली.

बास. त्रेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, परवानाधारक ड्रायव्हिंग प्रशिक्षक, कुबड्या गाडीत सोडून पायऱ्या चढायला लागला. जोतीराम लघवीला गेला होता, म्हणून हे साधलं. अकरा पायऱ्या नीट झाल्या. बाराव्या पायरीवर डावा पाय टेकवून अंग वर उचललं आणि खुब्यात आवाज झाला. कट्.

मी तिथंच बसलो. दुखलं नाही फार. त्याचीच भीती वाटली. डोळ्यापुढं ती फिल्म आली. गोल आहे तोवर. एकदा चपटला की.

जोतीराम धावत आला. "काय झालं?"

"आवाज आला."

"कसला? खट् का कट्?"

"कट्."

तो गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकावा तसा कान देऊन माझ्या खुब्याशी वाकला. खुबा काही बोलेना. मग मी लहान पोरासारखा बसून, एकेक पायरी ढुंगणावरून सरकत खाली आलो. बारा पायऱ्या. नारळवाली बाई आता टोमणे मारत नव्हती. तिनं उठून माझी विजार मागून झटकली आणि म्हणाली, "म्या उगं बोलली बाबा. मला काय म्हाईत." मी तिला सांगितलं, तुमची चूक नाही, माझ्या घराण्यात डोकं डाव्या पायात असतं.

सासूबाई ओटी भरून खाली आल्या तेव्हा आम्ही दोघं इतके गप्प बसलो होतो की त्यांना सगळं कळलं. त्यांनी अंगारा काढून माझ्या पायाला, विजारीवरूनच लावला आणि जोतीरामला म्हणाल्या, "उद्या म्याबी येतो मिरजंला."

मिरज, तपासणी

विट्यावरून तासगावकडं उतरलं की हवाच बदलते. द्राक्षांचे मांडव सुरू होतात, मैलोन्‌मैल. मग ऊस, आणि सांगलीच्या जवळ हळदीचा वास. आमच्याकडं वाटेला केळीच्या बागा असतात, त्या कशा मोकळ्या उभ्या. द्राक्षांच्या मांडवाखालून मात्र नुसते माणसांचे पाय हिंडताना दिसत होते. मी मागच्या सीटवरून मान वर काढून ते पाय मोजत होतो. सगळ्यांचे दोन्ही चालू होते.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. रिक्षावाल्याला नुसतं हाड म्हटलं की तो कुठं सोडायचं ते विचारत नाही. वाटेत एका खानावळीत अख्खा मसूर आणि रोटी खाल्ली. पोटात भीती असताना खाल्लेली वस्तू चांगली लागली तर ती खरी चांगली. त्या हिशेबानं तो मसूर मी पहिल्या नंबरावर ठेवतो.

डॉक्टरबाई चाळिशीच्या, बोलणं इथलंच. मी बारा पायऱ्यांची गोष्ट सांगितली. विनोदी करून सांगितली, कारण मला दुसरी पद्धत येत नाही. त्या हसल्या नाहीत.

"कुबड्या कुठं होत्या?"

"गाडीत."

"गाडीला हव्या होत्या का?"

मग मला एमआरआयच्या नळीत घातलं. त्या नळीत ठोकाठोकीचा एवढा आवाज असतो की माणूस विचार करू शकणार नाही असं वाटतं. मी भरपूर केला. आपण गोळा चपटा केला असेल तर बायकोला काय सांगायचं? एका नारळवालीला उत्तर द्यायला गेलो होतो?

बाहेर बाकावर सासूबाई आणि जोतीराम. तासाभरानं बाईंनी आम्हा तिघांना आत घेतलं, पडद्यावर चित्र लावलं आणि पेन्सिलीचं टोक एका काळपट डागाभोवती फिरवलं. "हे मेलेलं हाड." मग टोक बाहेरच्या कडेवरून, सावकाश, पूर्ण फिरवलं. "आणि ही कड. गोल आहे."

"गोल?" मी.

"गोल. तुमचा तो कट् म्हणजे सांध्यावरून शीर सरकल्याचा आवाज असणार. या वेळी वाचलात. उद्या सकाळी आठला घेऊ."

मी बाईंशी हात मिळवला, जोतीरामशी मिळवला आणि आत फाईल घेऊन आलेल्या एका अनोळखी गृहस्थाशीही मिळवला.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. कमरेच्या हाडातून मगज काढणार, यंत्रात फिरवून त्यातला कामाचा थर वेगळा करणार, गोळ्यापर्यंत एक बारीक बोगदा पाडणार आणि त्यातून तो आत सोडणार. "पण लागू पडेलच असं मी सांगणार नाही. काहींना पडतं, काहींना नाही. सहा महिन्यांनी चित्र काढल्यावर कळेल."

सासूबाई इतका वेळ पडद्याकडं बघत होत्या. "म्हंजी बाई, आपल्याच उसाची कांडी काढायची, आन् जितं रान पडीक पडलंय तितं लावायची."

"अगदी तेच, आजी."

"मग पानी?"

बाई त्यांच्याकडं वळल्या. "तेच बघायचं असतं. बोगदा पाडला की रक्ताला वाट होते."

"पाट काढायचा म्हना की," सासूबाई म्हणाल्या आणि समाधानानं मागं टेकल्या. पुढचे सहा महिने माझा आजार ज्यानं ज्यानं विचारला त्याला त्यांनी हेच सांगितलं, मी मधे बोलायला गेलो की, "तुमी गप बसा, तुमाला शेतीतलं काय कळतंय."

मिरज, दही

दवाखान्यानं बजावलं होतं: रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही नाही. चहा नाही, पाणीसुद्धा नाही. हे पाळण्याची जबाबदारी सासूबाईंनी घेतली. लॉजवरच्या खोलीतला पाण्याचा तांब्या त्यांनी उचलून स्वतःच्या उशाशी ठेवला. सकाळी जोतीराम बिचारा चहा प्यायला खाली गेला, माझ्यासमोर नको म्हणून. इतका कडक बंदोबस्त.

साडेसहाला आम्ही निघालो. सासूबाईंनी दाराशी मला थांबवलं, देवाचं नाव घेतलं, माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. मी ते तोंडात टाकलं, वाकून त्यांना नमस्कार केला, कुबड्या घेतल्या आणि निघालो. जोतीरामनंही आपल्या हातावरचं तोंडात टाकलं.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ आले. शांत गृहस्थ. "काल रात्रीपासून पोटात काही गेलंय?"

"काही नाही."

"पाणी?"

"थेंब नाही." मी अभिमानानं सांगितलं.

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "मग मिशीला पांढरं काय आहे?"

मी हात लावला. चिकट. दही.

जोतीराम दारातून मदतीला धावला. "साहेब, ती दहीसाखर हाय. खाल्ल्याली न्हाई. दिल्याली हाय."

हसू नका. आम्हा तिघांनाही खरंच सुचलं नव्हतं. परीक्षा असो, लग्न ठरवायला जाणं असो, महत्त्वाच्या कामाला निघताना हातावर दहीसाखर पडते. ते खाणं नाहीच. चप्पल घालण्यासारखा तो निघण्याचा भाग आहे. तांब्याभर पाणी लपवणाऱ्या बाईनं वाटीभर दही सकाळी डेअरीतून मुद्दाम आणलं होतं, आणि खाणाऱ्याला खाताना कळलं नव्हतं.

डॉक्टरबाई आल्या. "दही म्हणजे दूध. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर खुबा राहील आणि तुम्ही जाल. आज नाही. उद्या सकाळी."

मला हसू येत होतं. पण बाहेर आलो तर सासूबाई बाकावर पदर तोंडाला लावून बसलेल्या. "म्या माज्या हातानं घालवलं," त्या म्हणत होत्या. "देवीपाशी मागितलं आन् हातानं घालवलं."

मी कुबड्या टाकून त्यांच्याशेजारी बसलो. "सासूबाई, एक दिवस गेला. गोळा गेला नाही. उलट मी बारा पायऱ्या चढून घालवत होतो, तुम्ही चमचाभर दही दिलंत. वेडेपणात माझाच नंबर पहिला."

त्यांनी डोळे पुसले. "मिशी पुसा आदी," त्या म्हणाल्या.

मिरज, सतारमेकर गल्ली

असा हा जादाचा दिवस हातात आला म्हणून जोतीराम मला सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत घेऊन गेला. मिरजेला आलो आणि ते बघितलं नाही असं नको. दुकानाच्या पुढं मोठमोठे वाळलेले भोपळे टांगलेले, आत लाकडाचा आणि चिकटवायच्या सरसाचा वास. रज्जाकभाई नावाचे कारागीर मांडीवर तंबोरा घेऊन बसले होते. वाडवडलांपासून हेच काम.

"बसा, साहेब. पायाला काय?"

मी बसताना कुबडी भिंतीला टेकवली. भिंतीला आधीच चार तंबोरे टेकले होते. कुबडी सरकली आणि चारी तंबोऱ्यांच्या तारांवरून शांतपणे खाली घसरली. जो आवाज निघाला तो शेजारच्या तीन दुकानांतून माणसं बाहेर काढायला पुरेसा होता. माझा जीव गेला. रज्जाकभाईंनी एकेक तंबोरा हातात घेऊन बघितला.

"कायबी झालं न्हाई. पर तुमची काठी बेसूर हाय."

"काय?"

"उंच हाय. बगलंत रुततीय का न्हाई?" रुतत होती. जळगावहून घाईत घेतलेल्या, काख सोलून निघाली होती. त्यांनी मला उभं केलं, वाकून बघितलं, पट्टी घेतली नाही, करवत घेतली. दोन्ही लाकडी काठ्या दोन बोटं कापल्या, टोकं घासली, रबरं परत बसवली. त्या काठ्यांवर मी पहिल्यांदा माणसासारखा उभा राहिलो.

मग मी त्यांना माझा उपचार समजावायला लागलो. एव्हाना मी कुणालाही समजावत होतो. त्यांनी भोपळ्यावर टिचकी मारत ऐकून घेतलं.

"आमच्यातबी हाय हे. भोपळा आतनं किडतो, भाईरनं गोल दिसतो. आवाजावर कळतं. गोल हाय तवर आतनं त्याचाच भुगा आन् सरस भरतो आमी. दुसऱ्याचा भुगा न्हाई चालत, आवाज फिरतो. एकदा बसला की मग फेकायचा."

"आणि भरल्यावर टिकतो?"

"तार चढवल्याबिगर कसं सांगू? काय टिकतात, काय न्हाई."

चोवीस तासांत दोन तज्ज्ञांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. का कोण जाणे, पण त्यानं मला धीर आला. खोटं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं.

एक वीत

दुसऱ्या दिवशी दारात दही नव्हतं. सासूबाईंनी दोन्ही हात पाठीमागं बांधून मला निरोप दिला.

कमरेखाली भूल दिली, त्यामुळं मी जागा होतो. समोर हिरवा पडदा. खालचं मला काही कळत नव्हतं, नुसती ढकलाढकल. कुणीतरी आपल्या बिछान्याखालचं सामान काढावं तशी. मी विनंती केली म्हणून बाईंनी भरलेली एक सिरिंज पडद्यावरून दाखवली. दाट, काळपट लाल.

"हे मी?" मी विचारलं.

"तुमचा मगज."

"बायकोला फोटो पाठवता येईल का? तिला वाटतं मला तो नाहीच."

या वेळी बाई हसल्या. कोपऱ्यातलं यंत्र गरगरायला लागलं. थोड्या वेळानं त्यातून निघालं ते फार थोडं होतं. एवढ्या लाल समुद्रातून जेमतेम दोन-चार चमचे. मग बोगद्याचं काम. ते ऐकू येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मग बाई म्हणाल्या, "आता सोडते."

मला काहीच जाणवलं नाही. तरीही सांगतो, आयुष्यात इतका थरार मला कधी वाटला नाही. मी जळगावहून मिरजेला आलो, त्या पेशी कमरेपासून खुब्यापर्यंत आल्या. सगळा प्रवास एक वीत. वाट ठाऊक नाही, पुढं रान मेलेलं, आणि जाऊन तिथं घर बांधायचं. पडद्याआड मी त्यांना मनातल्या मनात सूचना देत होतो. सावकाश. आरसा बघा. घाई करू नका. भूलतज्ज्ञांनी विचारलं, "काही पुटपुटताय?" मी म्हटलं, "शिकवतोय."

पुढं सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता आणि जळगावात आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. म्हणून सहा आठवडे मी सासुरवाडीत राहिलो, जे आमच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मला रोज रस्सा मिळाला, दुसऱ्यात आमटी, चौथ्यात शेंगा निवडायला. बायको दर रविवारी यायची, मला ओसरीवर शेंगा निवडताना बघायची आणि माहेरच्या लोकांचं कौतुक करायची. पाय मात्र मी एकदाही टेकवला नाही. गावातल्या कुणीही काही म्हटलं तरी.

मिरज, सहा महिन्यांनी

तेच तिघं, तोच बाक. नळीत जाऊन आलो. बाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली आणि पेन्सिल हातात घेतली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं.

"जुना डाग इथून इथपर्यंत होता," बाई म्हणाल्या. "आता इथं थांबलाय. हे कडेनं आलेलं नवं हाड. सगळं भरलेलं नाही. वर्षानं पुन्हा बघू. पण गोळा गोल आहे, आणि आतून धरलाय."

जोतीरामनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"आता काठ्या बाजूला ठेवा आणि एका पायावर उभे राहा," बाई म्हणाल्या.

मी उभा राहिलो. छाती पुढं, मान ताठ, एक पाय वर. अजिबात हललो नाही. सासूबाईंनी हात जोडले.

"छान," बाई म्हणाल्या. "हा तुमचा चांगला पाय झाला. आता दुसरा."

जोतीराम भिंतीकडं तोंड करून हसायला लागला. मी खाली बघितलं. दहा महिन्यांच्या सवयीनं मी निष्ठेनं उजव्यावर उभा होतो.

मग डावा टेकवला. सगळं वजन त्याच्यावर सोडलं, सावकाश. उजवा पाय जमिनीपासून सुटला. कळ नाही. आवाज नाही. जोतीराम हसायचा थांबला आणि कवायतीच्या आवाजात मोजायला लागला. एक. दोन. तीन.

दहाला बाई म्हणाल्या, "पुरे."

"मोजू द्या त्याला," मी म्हणालो.

विसाला त्यांनी फाईल लिहून संपवली. तिसाला घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. तिशीतला एक माणूस कुबड्या टेकत दारात आला आणि मला बघून तिथंच थांबला. मी खोलीच्या मधोमध एका पायावर, म्हातारी रडतेय, एक माणूस मोजतोय.

"यांनाबी खुब्याचंच व्हतं?" त्यानं बाईंना विचारलं.

"हो."

"कंच्या पायाचं?"

"ज्यावर उभा आहे," मी म्हणालो, "त्याच."